ठिणगी कोणाची?

वीजबाबांच्या दारात सकाळपासून झुंबड उडाली होती. आत लांबलचक नायलॉनचा गालिचा, त्याच्या टोकाला लोखंडी खुर्चीत बाबा, अनवाणी पाय थेट फरशीवर. भक्ताने दारात मिळालेले लोकरीचे मोजे चढवायचे आणि पाय न उचलता, घासत घासत बाबांपर्यंत जायचं. बाबा कपाळाकडे बोट न्यायचे. चट्! ठिणगी उडायची, भक्त दचकायचा, गर्दी हात जोडायची.

"शक्ती उतरली! आता ते गोळ्यांचं विष बंद!" बाबा गरजायचे.

रांगेत दादाच्या मागे त्याची धाकटी बहीण उभी होती. बाई भौतिकशास्त्रज्ञ. निम्मं आयुष्य प्रयोगशाळेत गेलेलं, उरलेलं फुगे नि भिंगं घेऊन शाळाशाळांतून विज्ञान सांगण्यात. शेकडो पोरांना पटवलं, पण सख्खा भाऊ काही हाती लागेना. रक्तदाबाच्या गोळ्या सोडून त्याला बारा दिवस झाले होते, आणि काल तो जिन्यात भोवळ येऊन बसला होता.

दादा ठिणगी घेऊन बाजूला झाला आणि बाईंचा नंबर आला.

"बाबा, मोजे नकोत मला."

"मोजे ही नम्रतेची खूण आहे, माते!"

"मी अनवाणीच नम्र होते की!"

गालिचा सोडून त्या फरशीवरून गेल्या. बाबांनी कपाळाला बोट लावलं. काहीच नाही.

"श्रद्धा नाही!"

"बरं, श्रद्धा असलेला माणूस घेऊ. दादा, पुन्हा तसाच गालिच्यावरून घासत जा आणि त्याच्या कडेच्या खिडकीच्या लोखंडी गजाला बोट लाव."

दादा कुरकुरत गेला. चट्!

"गजातही मीच आहे!" बाबा ओरडले.

"मग अर्धी रांग खिडकीकडे वळवा," मागून एक आजीबाई म्हणाल्या, "लवकर मोकळे होऊ!"

हशा पिकला. बाई म्हणाल्या, "लोकर गालिच्यावर घासली की अंगावर वीज साठते. लोखंडाला किंवा फरशीवर अनवाणी बसलेल्या माणसाला हात लागला की ती निघून जाते. दमट हवेत जमत नाही, म्हणून बाबा पावसाळाभर मौनात!"

बाबांचा शिष्य मोजे गोळा करू लागला.

रस्त्यात दादा म्हणाला, "चारचौघांत माझं हसं केलंस."

बाईंना ते लागलं. "चुकलंच माझं. पण दादा, ठिणगी खरी होती. तिचं सांगितलेलं कारण खोटं होतं. कुणीही सांगो, अगदी मीसुद्धा, आधी तपासावं, मग मानावं."

"मग मला भोवळ का आली?"

"मला नक्की नाही माहीत. डॉक्टरांना विचारू."

दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला.

"यात रक्तदाब कसा कळतो हो?" दादाने विचारलं.

बाईंनी उत्साहाने तोंड उघडलं.

"तू थांब गं," दादा म्हणाला, "त्यांना सांगू दे. तुझं मग ताडून पाहीन."