गार की थंड

कारखान्यात तिला

धूरबाई म्हणत, आणि ते नाव तिला दाजींनी दिलं होतं. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. नात्याने दाजी, हुद्द्याने ट्रक विभागाचे प्रमुख. चालू ट्रकच्या मागे उभं राहून धूर मोजणं हे तिचं काम, म्हणून एका भरल्या बैठकीत त्यांनी तिची ओळख करून दिली होती, या आमच्या धूरबाई. सगळे हसले. तीही हसली. त्या हसण्याची कडवट चव अजून तिच्या जिभेवर होती.

त्याच जिभेने ती त्यांना कारखान्यातही दाजीच म्हणायची. सर म्हणत जा, असं त्यांनी तिला प्रेमाने सांगून झालं, रागावून झालं, ताईकरवी निरोप धाडून झाला. तिने दर वेळी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, दहा माणसांत, मोठ्याने: दाजी.

दाजींनी काय केलं होतं

ते आधीच सांगून टाकायला हवं, नाहीतर ती उगाच खुनशी वाटेल. खुनशी ती होतीच. उगाच नव्हती.

ट्रकच्या धुराच्या नळीत एक मोठा डबा असतो. धूर त्यातून जाताना स्वच्छ होतो, पण डबा चांगला तापलेला असेल तरच. लांब पल्ल्याच्या गाडीचं काही अडत नाही, ती निघते, तापते आणि दिवसभर तापलेली राहते. कचऱ्याच्या गाडीचं तसं नसतं. ती पहाटे सुरू होते, चार घरं पुढे जाते, थांबते, पुन्हा चार घरं. डबा कोमटच राहतो आणि सगळी घाण सरळ लोकांच्या खिडक्यांत शिरते. म्हणून तिने एक हीटर बनवला होता. इंजिन सुरू करण्याआधी बॅटरीवर डबा तापवायचा, मगच चावी फिरवायची. ऐकायला एवढंसं. त्या एवढ्याशापायी तिने सुट्ट्या घालवल्या होत्या, एक ठरत आलेलं लग्न घालवलं होतं, डाव्या हाताचं एक बोट जवळजवळ घालवलं होतं.

दाजींनी तो हीटर काढून टाकला. वजन वाढतं म्हणाले, बॅटरी मोठी लागते म्हणाले. गाड्यांची चाचणी त्यांनी तापलेल्या इंजिनावर घेतली आणि गाड्या बाहेर पाठवल्या. वर्षभरात गल्ल्यागल्ल्यांतून तक्रारी यायला लागल्या. लोक पहाटे खिडक्या लावून बसायला लागले, म्हातारी माणसं खोकून बेजार झाली. चौकशी बसली. तेव्हा दाजी अगदी हळू, दुखावल्यासारख्या आवाजात म्हणाले, धुराचं सगळं हिच्याकडे होतं, हिनेच गाड्या पास केल्या. तिने घेतलेली हरकत ज्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली होती, ते सगळे त्या वेळी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होते.

तिची रवानगी यार्डात झाली. तयार ट्रक ओळीत लावायचे, सांगितले की काढून द्यायचे. आई म्हणाली, जाऊ दे गं, घरातलाच माणूस आहे, ताईच्या संसाराकडे बघ. तिने ताईच्या संसाराकडे बघितलं. तो छान चालला होता.

मनातल्या मनात तिने दाजींना

डब्यात कोंडलं. ट्रकच्या मागे बांधून घाटातून फिरवलं. भर बैठकीत त्यांच्या थोबाडीत दिली, आवाज असा की पंखा थांबला. त्यांना तिच्या दारात आणून गुडघ्यावर बसवलं, मग दार लावून घेतलं. दात घासताना, केस विंचरताना, बसची वाट बघताना तिने हे सगळं उरकलं. समाधान कशातच नव्हतं. मनातल्या दाजींना दुखत नाही, ही मुख्य अडचण.

यार्डात दोन शब्द होते,

गार आणि थंड, आणि परक्या माणसाला ते एकच वाटले असते.

गार म्हणजे असं. गाडी तपासायला पाहुणे यायच्या आधी ट्रक भरपूर पळवायचा, आतला डबा सणसणीत तापवायचा आणि मग बॉनेटवर पाण्याचा पाइप सोडायचा. पाहुणा बॉनेटला हात लावून बघतो. गार. मग तो मान हलवतो, गाडी सुरू होते, धूर अगदी निर्मळ. आणि थंड म्हणजे खरंच थंड. यार्डाच्या टोकाला जाड दाराची एक खोली होती. बर्फाळ प्रदेशात जाणाऱ्या गाड्यांसाठी ती बांधली होती. तिच्यात गाडी रात्रभर ठेवली की इंजिनापासून शेवटच्या नटापर्यंत कुठेही ऊब उरत नसे.

यार्डात एक ड्रायव्हर होता, काडीसारखा, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत. गाडी हवी असली की तो एवढंच विचारायचा, गार की थंड? साहेब लोक मात्र गार हा शब्द कधी तोंडाने काढत नसत. लबाडीचं नाव घ्यायचं नाही, एवढी रीत ते पाळत. गाडी थंड करून आणा म्हणायचे आणि सोबत डोळा मिचकावायचे. मिचकावला की गार. नाही मिचकावला की थंड. वर्षानुवर्षं कारखाना याच व्याकरणावर चालला होता.

एका दुपारी दाजींनी तिला

केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा टेबलावरचा फोन स्पीकरवर होता. पलीकडे शहराच्या कचरागाड्या खरेदी करणाऱ्या मुख्य बाई होत्या. तक्रारींनी त्या पोळल्या होत्या. नवं मॉडेल त्यांना बघायचं होतं, पण आधीसारखं नाही. गाडी पहाटे डेपोत उभी असते तशी हवी, त्या सांगत होत्या, आणि मी स्वतः मागे उभी राहणार. दाजी म्हणाले, अवश्य, अवश्य, पूर्ण जबाबदारी माझी. मग तिच्याकडे वळून म्हणाले, उद्या सकाळी गाडी थंड करून अंगणात आण.

आणि डोळा मिचकावला.

 

"गार की थंड, दाजी?" तिने विचारलं. फोनकडे तोंड करून, सावकाश.

दाजींचा चेहरा आक्रसला. फोनमधून बाईंचा आवाज आला, काय विचारतायत त्या? दाजींनी पुन्हा डोळा मिचकावला, या वेळी दोन्ही. तिने कोऱ्या चेहऱ्याने त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत काही गेलं का, असंही काळजीने विचारलं.

"शब्दांचा कीस पाडू नकोस," दाजी म्हणाले. "थंड म्हणजे थंड. आणि इथे सर म्हणायचं."

"थंड," ती म्हणाली. "बरं, दाजी."

आणि त्यांनी फोन ठेवायच्या आत ती जिना उतरून गेली. मागून त्यांनी हाक मारली नाही. मारतील कशाला? एवढी वर्षं डोळा कळतोय सगळ्यांना, हिलाही कळला असणार. त्या दुपारी तिने आणि पैलवानाने गाडी जाड दाराच्या खोलीत लोटली. पैलवानाने एकदाच विचारलं, साहेबांना माहीत आहे ना? ती म्हणाली, त्यांच्याच तोंडून ऐकून आले. ते खरं होतं. या सगळ्यात तिला सर्वांत जास्त आवडलं ते हेच, की ते अक्षरशः खरं होतं.

संध्याकाळी ताईच्या घरी

सगळे जमले होते. ताई वाटाणे सोलत बसली होती. ती तिच्या शेजारी बसून सोलायला लागली.

ताई म्हणाली, हे दोन दिवस धड जेवले नाहीयेत.

ती म्हणाली, वाटाणे कोवळे आहेत.

ताई म्हणाली, उद्याचं नीट झालं तर बढती नक्की, नाही झालं तर काय होईल मला विचारसुद्धा करवत नाही.

एक शेंग किडकी निघाली, ती तिने बाजूला ठेवली. आतल्या खोलीत दाजी फोनवर हसत होते. एक हाक मारली असती तर काम झालं असतं: दाजी, गाडी खोलीत आहे हं, काढू का बाहेर? ताईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, तुझ्या मनात त्यांच्याबद्दल अजून काही नाही ना? वाटाण्यांचं भांडं दोघींच्या मध्ये होतं. तिने ते उचललं, पातेलंभर झाले बघ म्हणाली, आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

घरी जाऊन ती गाढ झोपली. हे लपवण्यात अर्थ नाही.

सकाळी गाडी

ओढत आणली, बॅटरीच्या छोट्या गाडीला बांधून. दाजी पायऱ्यांवरून उतरता उतरता थबकले. ओढून का आणली, त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. सुरू केली तर थंड राहणार नाही, ती म्हणाली. त्यांनी बॉनेटला हात लावला. मग वाकून खाली, डब्याला. हात असा मागे घेतला, जणू भाजला.

पण खरेदीवाल्या बाई आल्याच होत्या. जाड भिंगांचा चष्मा, पायांत सपाट बूट. त्या थेट गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. दाजी म्हणाले, आधी चहा घेऊ. बाई म्हणाल्या, आधी गाडी.

पैलवानाने चावी फिरवली. इंजिन आजाऱ्यासारखं खाकरलं, हादरलं आणि पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा धूर अंगणभर पसरला. धूर मोजायच्या मीटरवरचा आकडा वर गेला तो गेलाच. बाई मागे सरल्या नाहीत. त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि उभ्या राहिल्या. दाजी त्यांच्या शेजारी हात हलवून धूर पांगवत होते, आपल्याच अंगणात माश्या हाकलाव्यात तसा.

"थोडा वेळ द्या मॅडम," ते म्हणाले, "गरम झाली की एकदम स्वच्छ होते."

"आमच्या गाड्या गरम होईपर्यंत गल्ली संपते," बाई म्हणाल्या. "यावर उपाय नाही तुमच्याकडे?"

इथे ती

गप्प राहू शकली असती. सूड पूर्ण झाला होता, ताटात वाढलेला होता. नव्या गाड्या कुणी घेणार नाही, दाजी बुडतील, आणि जुन्या गाड्या त्याच गल्ल्यांतून, त्याच खिडक्यांखालून, वर्षानुवर्षं. तिला ते दिसत होतं. पण खरं सांगायचं तर त्या खिडक्यांनी तिचं तोंड उघडलं नाही. दाजी तिच्याकडे बघत होते. डोळ्यांनीच विनवत होते, आणि पुन्हा तेच, न बोलता. डोळ्यांची भाषा तिला आता नको होती. तिला शब्द हवे होते.

"उपाय आहे," ती म्हणाली. "हीटर आहे. स्टोअरमध्ये पडलाय. आज बसवून दाखवते."

बाईंनी विचारलं, मग आधीच्या गाड्यांना का नव्हता?

"काढला होता," ती म्हणाली. "कुणी काढला ते सांगा ना, दाजी."

धूर अजून विरला नव्हता. पैलवान स्टिअरिंगवर हात ठेवून पुतळा झाला होता. या वेळी खिडकीबाहेर बघायला तिथे खिडकीच नव्हती.

"मी," दाजी म्हणाले.

"आणि पास कुणी केल्या?"

"मीच."

बाईंनी चष्मा काढून पुसला. तुम्ही यांना दाजी म्हणता, नात्यातले का? त्यांनी विचारलं. माझ्या बहिणीचे यजमान, ती म्हणाली. बाई म्हणाल्या, अरे वा. एवढंच.

हीटर बसला. गाडी पुन्हा खोलीत गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाली, आणि बाईंनी रुमाल खिशातून काढलाच नाही. नव्या गाड्या घेऊ, त्या म्हणाल्या, पण रस्त्यावरच्या जुन्या प्रत्येक गाडीलाही तो बसवून द्यायचा. आणि मला डेपोत कुणीतरी जबाबदार माणूस हवा. हीटर बसवण्याआधी एकदा आणि बसवल्यावर एकदा, गाडी सुरू होताना त्याने मागे उभं राहून मला सांगायचं.

"जबाबदारी आमच्या दाजींची," ती म्हणाली. "तसं ते तुम्हाला फोनवर बोललेच आहेत."

आता रोज पहाटे

दाजी डेपोत उभे असतात. ती हीटर बसवणाऱ्यांची प्रमुख आहे, त्यामुळे तीही असते, पण वारा येतो त्या बाजूला, धुरापासून लांब. आधी जुनी गाडी सुरू होते. दाजी मागे उभे राहतात, धूर त्यांच्या कोटात, केसांत, नाकात शिरतो. ते एक पाऊल मागे घेतात. ती म्हणते, पुढे या जरा, तिथून नीट कळणार नाही. ते पुढे येतात. मग हीटर बसतो, आणि पुढच्या पहाटे तीच गाडी निर्मळ श्वास टाकत गेटबाहेर पडते. गल्लीतल्या खिडक्या आता उघड्या असतात. चांगलं झालं, सगळेच म्हणतात. तीही म्हणते. पण ती त्या गाडीकडे बघत नसते. ती पुढच्या, अजून जुन्या असलेल्या गाडीकडे बघत असते.

दया येईल म्हणून तिने थोडे दिवस वाट पाहिली. आली नाही.

परवा ताईचा फोन आला. आवाज थकलेला होता. म्हणाली, रात्र रात्र खोकतात गं, अंगाला धुराचा वास, उशीला वास, मला शेजारी झोपवत नाही. माझ्यासाठी तरी सोड त्यांना. अजून किती दिवस?

समोर एक गाडी सुरू व्हायची होती. दाजी मागे जाऊन उभे राहिले होते, रुमाल हातात घेऊन. तिने पैलवानाला खूण केली. चावी फिरली.

"गाड्या बऱ्याच आहेत, ताई," ती म्हणाली.