मावशीची कळी

१९५७ सालच्या मे महिन्यात, एका रविवारी दुपारी, हेस्टर फॉसेटने वडिलांच्या तळहातावर एक पान ठेवलं आणि ती बाजूला उभी राहिली.

आर्थर फॉसेटांनी पान अंगठ्याखाली फिरवलं, कडेवरून नख नेलं, मग उलटं करून शिरा चाचपल्या. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले होते. कमरेचं हाड मोडल्यापासून खिडकीजवळची खुर्ची हीच त्यांची जागा होती.

“रानजिरेनियम. सावलीत वाढलेलं. चर्चच्या मागून आणलंस.”

“हो, बाबा.”

“आता माझं घ्या, मास्तर,” ऑल्डरसन म्हणाला. तो आमच्या गावचा खाटीक. आठवडाभर मेंढ्या कापायचा आणि सुट्टीच्या दिवशी ओल्या दगडांशी नाक लावून शेवाळं बघायचा. त्याने कोटाच्या खिशातून एक पान काढून मास्तरांच्या हातावर ठेवलं.

मास्तरांनी ते चाचपलंसुद्धा नाही. “हा कोबी आहे. डिन्सडेल बाईंच्या दुकानातला. शिळा आहे.”

ऑल्डरसन मांडीवर थाप मारून हसला. “एकदा तरी चुका हो, मास्तर! मरायच्या आधी एकदाच. गावाला सांगायला तरी होईल.”

“ज्या दिवशी मी झाडाचं नाव चुकीन, त्या दिवशी तू खुशाल पाद्र्याला बोलाव.”

आमच्या वनस्पती मंडळात पदवीवाला कुणीच नव्हता. मास्तरांनी गावच्या शाळेत जन्मभर पाढे शिकवले होते. कुणाला नेच्यांचा नाद, कुणाला गवतांचा. उन्हाळ्यात शनिवारी डबा बांधून डोंगरावर जायचं आणि ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला दाखवायचं, एवढंच मंडळ. नियम मात्र कडक होता. झाड साधं असेल तर एखादं पान घरी आणावं. दुर्मीळ असेल तर माणसाने झाडाकडे जावं, झाड माणसाकडे आणू नये. या नियमाला एकच अपवाद होता, आणि तो मंडळातल्याही फार थोड्यांना माहीत होता.

“मग हेस्टर,” ऑल्डरसन म्हणाला, “त्या एडिंबराच्या बाईंना काय कळवलंस?”

हेस्टर कपबशा गोळा करत होती. तिने एक कप दुसऱ्यात ठेवला, मग काढून पुन्हा बशीत ठेवला.

आदल्या उन्हाळ्यात डॉक्टर मॅकॲल्पिन नावाच्या बाई आमच्याकडची दलदल बघायला आल्या होत्या. हेस्टर त्यांच्याबरोबर हिंडली. भर पावसात, चष्मा पुसायचीही सोय नसताना, ती लव्हाळ्यांच्या जाती नुसत्या हाताने वेगळ्या करून देत होती. जाताना बाई म्हणाल्या, आमच्याकडे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात जागा आहे, तू ये. वसंतात त्या पुन्हा येऊन गेल्या. जुलैपर्यंत थांबते, म्हणाल्या, त्यापुढे मला दुसरं कुणी बघावं लागेल. हेस्टर तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती.

“जाईल की,” मास्तर खिडकीकडे तोंड करून म्हणाले. “मी कुठे अडवलंय? फक्त मावशीला कोण बघणार तेवढं सांगा.”

“मी बघेन,” ऑल्डरसन म्हणाला.

“तू? तुझे गुडघे बघ आधी. कुंपणावर अडकून पडशील, आणि मग मेंढ्या सगळा हिशेब चुकता करतील.”

ऑल्डरसन हसला, पण या वेळी मांडीवर थाप मारली नाही. हेस्टर कपबशा घेऊन आत गेली. थोड्याच वेळात बाहेरच्या खोलीतून मास्तरांच्या काठीचे दोन ठोके आले. दोन म्हणजे शाल. एक म्हणजे पाणी.

मावशी ही बाई नव्हती. ती एक ऑर्किड होती. खोऱ्याच्या वरच्या टोकाला, ॲशच्या झाडांखाली, चुनखडीच्या एका खाचेत तिचा एकच गड्डा होता. फूल म्हणजे पिवळी चपलेसारखी पिशवी आणि तिच्याभोवती तपकिरी-जांभळ्या फिती. एके काळी बाजारात तिच्या जुड्या विकायचे, मग हौशी लोकांनी मुळासकट उपटून नेली, आणि ती संपली असंच सगळे धरून चालले होते. मास्तर, ऑल्डरसन आणि मंडळातल्या आणखी दोघांना ती १९३३ साली फुललेली सापडली. चौघांनी तिथेच शपथ घेतली. चारचौघांत नाव घ्यायचं नाही, मावशी म्हणायचं. आणि दर वसंतात कळी उमलण्याआधी खुडून टाकायची. नुसत्या पानांकडे कुणाची नजर जात नाही, फूल मात्र लांबून दिसतं. खुडलेली कळी तंबाखूच्या डबीत घालून मास्तरांकडे आणायची, त्यांनी हातात घेऊन खात्री करायची, मग ती शेगडीत जायची.

चौघांतले दोघे वारले. मास्तर खुर्चीला खिळले, ऑल्डरसनच्या गुडघ्यांनी दगा दिला. युद्ध संपल्यापासून खुडायला हेस्टरच जात होती. फूल तिने कधी पाहिलेलं नव्हतं.

“बाबा, पिवळा म्हणजे कसा पिवळा?” तिने कधीतरी विचारलं होतं. “लोण्यासारखा? बटरकपच्या फुलासारखा?”

“सांगून कळत नाही,” मास्तर म्हणाले होते.

पुढच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, ती डबी घेऊन निघाली. डिन्सडेल बाईंचं दुकान बंद होतं, पण बाई दारातच उभ्या होत्या.

“मावशीकडे ना? थांब.” त्या आत जाऊन झाकण लावलेला वाडगा घेऊन आल्या. “वासराच्या पायांच्या रसाची जेली आहे, आजाऱ्याला बरी. भरव तिला. एवढी वर्षं अंथरुणावर, आणि अजून टिकून आहे बाई! काय चिवट हाडाची आहे. बोलते का गं आता?”

“नाही.”

“माणसं ओळखते?”

“कुणास ठाऊक.”

“घरी तो एक, वर ही एक.” डिन्सडेल बाईंनी तिच्या कोटाचं सुटलेलं बटण लावून दिलं. “तुझ्यासाठी कोण जेली करणार गं?”

हेस्टरने वाडगा पिशवीत ठेवला. दर वर्षी ती तो ओढ्यापाशी बसून स्वतःच खात असे.

वर पोचायला दीड तास लागला. वाटेत पाच फाटकं होती, आणि प्रत्येक फाटक उघडून मागे पुन्हा लावावं लागे. खोरं वर जाता जाता चिंचोळं होत जातं. शेवटी दोन्ही बाजूंच्या दगडी भिंती इतक्या जवळ येतात की पिशवी पुढे धरूनच चालावं लागतं.

सशांनी खाऊ नये म्हणून मावशीवर तारेची बुटकी जाळी पालथी घातलेली असे. हेस्टरने गुडघे टेकले आणि जाळी उचलली. रुंद, शिरांची पानं वर आली होती. त्यांच्या मधोमध कळी होती, लांबट, लवदार, मान खाली घातलेली. दर वर्षीपेक्षा ती एक आठवडा उशिरा आली होती. कळीला एका बाजूने चीर गेली होती, आणि चिरेत पिवळ्याची एक रेघ होती.

तिने देठाला दोन बोटं लावली. देठ गार होता.

तेवढ्यात तिला काठीचा ठोका ऐकू आला. इथून घर दिसतसुद्धा नव्हतं. वर कुठेतरी वाऱ्याने फांदी फांदीवर आपटत होती. तरीही ती अर्धी उठली होती, पाणी आणायला.

ती परत खाली बसली. बराच वेळ बसून राहिली. मग तिने जाळी पुन्हा ठेवून पाहिली, तर तार कळीच्या पाठीवर टेकत होती. तिने आसपासचे सपाट दगड गोळा करून कडेने दोन-दोन थर रचले, आणि जाळी त्यांच्यावर बसवली. आता कळीच्या वर वीतभर मोकळी जागा राहिली.

उतरताना ओढ्याकाठी ग्लोबफ्लॉवर फुलायला लागली होती. आमच्याकडे ती पायलीला पन्नास, गायीसुद्धा बघत नाहीत. तिने एक कळी खुडली. लिंबाएवढी गोल, गुळगुळीत, पिवळी. ती तिने डबीत टाकली आणि झाकण लावलं. या कळीने कोण फसणार, हे तिला माहीत होतं. कुणीच नाही. पण रिकामी डबी त्यांच्या हातात ठेवायला तिचा हात धजला नसता.

घरी ऑल्डरसन शेगडीजवळ बसला होता.

“उशीर झाला,” मास्तर म्हणाले.

“फाटकाची कडी अडकली होती.”

“खुडलीस?”

हेस्टरने डबी उघडून त्यांच्यापुढे धरली. ऑल्डरसनने मान पुढे काढून पाहिलं. त्याचं तोंड उघडलं. त्याने हेस्टरकडे बघितलं, मग मास्तरांकडे, आणि तोंड तसंच राहिलं.

मास्तरांनी कळी बोटांत घेतली. अंगठा एकदा तिच्याभोवती फिरला आणि थांबला. त्याहून जास्त त्यांना कधीच लागत नसे. तरी त्यांनी ती खाली ठेवली नाही. दुसऱ्या हातात घेतली, पुन्हा पहिल्या हातात घेतली. हेस्टरचा कोट अजून अंगावरच होता.

“मावशीच,” ते म्हणाले.

त्यांनी कळी नाकाशी नेली.

“यंदा जरा गोल झालीय. वयाने होतं तसं.” त्यांनी मान वळवली. “काय रे खाटका, तुला काही शंका?”

“नाही, मास्तर,” ऑल्डरसन म्हणाला. “मावशीच.”

हेस्टर शेगडीचं झाकण काढायला वाकली. मास्तरांनी कळी मुठीत धरली.

“शेगडीत नको. पेल्यात पाणी घाल आणि इथे खिडकीत ठेव. आणि तो कोट एडिंबरात चालायचा नाही. तिथे वारा आहे. आईचा जाड काढ, पेटीतला.”

जूनच्या शेवटी हेस्टर गेली. संग्रहात ती निवृत्त होईपर्यंत राहिली, आणि लव्हाळ्यांबद्दल काही अडलं की अजूनही लोक तिने करून ठेवलेले नमुने उघडून बघतात. त्या जूनमध्ये मावशी फुलली. ऑल्डरसन दुकान बहिणीवर टाकून, गुडघ्यांना शिव्या देत, रोज वर जाऊन फुलाशेजारी बसायचा. कुणी वाटसरू आलाच तर आपला जाडजूड देह मधे घालून त्याला सँडविच खायला द्यायचा आणि खाली वाटेला लावून यायचा. नंतर त्याच्या बहिणीनेच मास्तरांचं जेवणखाण पाहिलं. ती काठीच्या ठोक्यांना जुमानत नसे, त्यामुळे ते हळूहळू बंद पडले. ऑल्डरसन पुढे हृदयविकाराने गेला, रविवारी, हातात शेवाळ घेऊन. डिन्सडेल बाई दुकान विकून लेकीकडे राहायला गेल्या, तोवर वसंतात जेली पाठवत होत्या. ती ऑल्डरसन खायचा. मावशी अजून आहे. आता तिला राखणदार आहे, आणि कळी कुणी खुडत नाही.

मास्तर आणखी चार हिवाळे जगले. झाडाचं नाव त्यांनी पुन्हा कधी चुकवलं नाही. पहिल्या नाताळात हेस्टर घरी आली, तेव्हा जेवण झाल्यावर त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं.

“जायच्या आधी वर जाऊन आली होतीस?”

“हो.”

“मग? पिवळा कसा पिवळा?”

हेस्टरने त्यांच्या गुडघ्यावरची शाल सारखी केली.

“सांगून कळत नाही, बाबा,” ती म्हणाली.