अमृतभाऊंच्या वाटचा रोट

आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटाची रीत सरळ आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे, त्याच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, करायचे आणि पुनवेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. बाहेरच्याला घास नाही, मग तो मंत्री का असेना.

माझे दीर अमृतभाऊ पुण्यात मोबाईलवरचे गेम बनवतात. बनवायचे, असं म्हणायला हवं आता. त्यांच्या वाटचे गहू माझे सासरे, आबा, दरवर्षी न चुकता काढत. भाऊ मात्र श्रावणात कधी आले नाहीत. "वहिनी, गेम बाहेर पडायचाय." गेम काय म्हैस आहे का, आज-उद्या व्यायची? मी फोनवर असं बोलायचे, ते हसायचे, आणि त्यांचे वाळलेले रोट मी नि सासूबाई दुधात कुस्करून संपवायचो.

त्यांना सगळंच यायचं, तेच नडलं. गेममधला माणूस पळताना अडखळतोय, बोलवा अमृतला. आवाज मागे पडतोय, अमृतला. दोन गावची पोरं एकत्र खेळायला लागली की बंद पडतोय, अमृतलाच. त्यांच्यावाचून पान हलत नव्हतं म्हणे. मग उन्हाळ्यात कंपनीने माणसं कमी केली. प्रत्येक टीमच्या साहेबाने आपापली माणसं वाचवली. भाऊ सगळ्यांच्या कामाचे, पण एकाही टीमचे नव्हते. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली.

भाऊ बॅग घेऊन धुळ्याच्या स्टँडवर उतरले आणि घरी आले. तोवर आबांचं विसरणं फार वाढलं होतं. आम्हा रोजच्या माणसांना ओळखतात, बाकी सगळे पाव्हणे. दाढी वाढलेल्या भाऊंना त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि गाव कोणतं म्हणून विचारलं.

भाऊ आत आले. चुलीपुढच्या पाटावर बसून म्हणाले, "वहिनी, कानबाईला माझं नाव घेतीलच ना? तेव्हा ओळखतील." त्या एका आशेवर माणूस श्रावणापर्यंत थांबला. नव्या नोकरीचे फोन आले, तेही उचलले नाहीत.

गहू काढायच्या दिवशी आबांनी नाव घेतलं. "अमृतना," म्हणजे अमृतचे, असं म्हणत मूठ टोपलीत सोडली. भाऊ समोरच होते. म्हणाले, "आबा, मी अमृत." आबा हसले, मान डोलावली आणि पुढच्या मुठीला लागले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. भाऊ मला म्हणाले, मान तर डोलावली ना.

रोट झाले, कानबाईला नैवेद्य दाखवला, पंगत बसली. भाऊ मुद्दाम आबांच्या शेजारी बसले. मी रोट वाढला. भाऊंनी घास मोडला, तसा आबांनी त्यांचा हात धरला. रागाने नाही. पाव्हण्याला नको म्हणावं लागतंय, याची लाजच वाटत होती त्यांना.

"पाव्हणा, राग मानू नका. रोट घरनाच लोके खातस. आनि हाऊ मन्हा अमृतना शे. तो पुनामा गेम बनाडस. काम सरनं का तो ई."

आमचे हे, प्रेमराज, येईल काय, हाच अमृत, असं सांगायला गेले. भाऊंनी हातानेच थांबवलं. मोडलेला घास ताटात ठेवला.

"बरोबर आहे, आबा," ते म्हणाले. "ठेवा त्याच्यासाठी."

मला रडू आवरेना. आबांनी तो रोट उचलून माझ्या हातात दिला, नीट झाकून ठेवायला सांगितलं. मग म्हणाले, "पुनम, पाव्हणाले भात वाढ."

आणि मी माझ्या दिराला भात वाढला.