खिंडीतली जागा

दुपारपासून समुद्राकडून वारा सुटला होता आणि इसाकु खुशीत होता. त्याची बायको तोमे मुळ्याचं लोणचं कापत बसली होती. कापता कापता तिने दोनदा विचारलं, "आज जाणार का?" दोन्ही वेळा तो खिडकीबाहेर बघत राहिला. शेवटी तिने उठून त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तो म्हणाला, "ऐकलं गं. ओरडतेस कशाला?"

ती ओरडली नव्हती.

इसाकु त्र्याहत्तर वर्षांचा होता आणि गेली तीन वर्षं त्याला ऐकू येणं कमी होत चाललं होतं. तोमेला हे ठाऊक होतं. टेकडीवरच्या बाकी आठ शिकाऱ्यांना ते ठाऊक नाही, असं तो धरून चालला होता. सूर्य बुडाला की तळ्यातली बदकं उठतात आणि टेकडी ओलांडून पलीकडच्या भातखाचरांत चरायला जातात. शिकारी टेकडीच्या कण्यावर आपापल्या जागी दबा धरून असतात. बेचकीसारख्या लांब दांड्यांना ताणलेलं जाळं हातात असतं आणि ते नेमक्या क्षणी सरळ वर आकाशात फेकायचं असतं. या सगळ्या खेळाला जेमतेम पाव तास मिळतो, तोही अंधार पडता पडता. पंखांची शीळ आधी कानावर येते, बदक दिसतं त्यानंतर. दिसल्यावर जो जाळं फेकायला जातो, त्याने घरी जाऊन लोणचं खावं.

पण वारा असला की गणित बदलतं. एरवी बदकं जाळ्याच्या टप्प्याबाहेरून उंच निघून जातात. जोराच्या वाऱ्यात ती टेकडीला पोट घासत जातात. शिवाय वारा सगळ्यांच्याच कानांत भरलेला असतो. वाऱ्यात सगळेच बहिरे, असं इसाकुने स्वतःला पटवून दिलं होतं. म्हणून तो वारा असेल तेवढ्याच संध्याकाळी टेकडीवर जायचा. इतर दिवशी त्याचा गुडघा दुखायचा.

आणि जाळ्यात बदक यायचंही. गेल्या हिवाळ्यात त्याने एकवीस बदकं धरली होती. म्हातारपणी नशीब फळफळलं, टेकडीच्या देवाची आपल्यावर मर्जी बसली, असं तो तोमेला सांगायचा. पिठात घोळवलेले बदकाचे तुकडे रश्शात शिजत असताना ती मान डोलवायची. जागा चिठ्ठ्यांवर मिळतात आणि इसाकुला जवळजवळ दर वेळी खिंड मिळायची. खिंडीत पश्चिमेचं आकाश उघडं असतं, शेवटचा उजेड तिथे रेंगाळतो आणि बदकं दुरूनच काळी काळी दिसतात. तिथे कानांवाचून भागतं. एवढी सोयीची जागा आपल्यालाच कशी मिळते, हा प्रश्न त्याला पडला नव्हता असं नाही. पण आपल्या सोयीचं नशीब कोणी उलटंपालटं करून बघत नाही.

चारच्या सुमाराला तो टेकडीच्या पायथ्याच्या झोपडीत पोचला. सगळे शेगडीभोवती बसले होते. आत शिरल्या शिरल्या त्याने बोलायला सुरुवात केली, कारण आपणच बोलत राहिलं की कोणी काही विचारत नाही.

"काय रे त्सुनेओ, परवा म्हणे तुझ्या जाळ्यात वटवाघूळ आलं?"

"वटवाघूळ नाही काका, घुबड होतं," त्सुनेओ हसत म्हणाला. हा त्यांच्यातला सगळ्यांत तरुण, सुताराचा मुलगा. "बायको म्हणाली, आणलंयत तर तुम्हीच खा."

इसाकुला त्यातलं घुबड तेवढं कळलं. सगळे हसले म्हणून तोही हसला.

शिगेओ चिठ्ठ्यांचं बांबूचं नळकांडं घेऊन उठला. तो सध्या शिकाऱ्यांच्या मंडळाचा प्रमुख होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा. चिठ्ठ्या म्हणजे बांबूच्या कामट्या. प्रत्येकीवर खाचा पाडलेल्या. एक खाच म्हणजे कड्यावरची जागा, तीन म्हणजे खिंड, पाच म्हणजे वाकडा पाइन, अशा नऊ जागा. पूर्वजांपासून चालत आलेला नियम असा, की जागा चिठ्ठीच ठरवते. तिथे वय नाही, मान नाही, ओळखदेख नाही. वयाचा मान एवढाच, की सगळ्यांत मोठ्याने आधी उचलायची. इसाकु आधी उचलायचा आणि जाळं तपासायला बाहेर जायचा. ही त्याची जुनी सवय.

शिगेओने नळकांडं त्याच्यापुढे धरलं आणि तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन उघडलं. शेगडीतली राख उडाली, शिगेओने डोळ्यांवर हात घेतला आणि नळकांडं त्याच्या हातून निसटलं. कामट्या इसाकुच्या पायाशी पसरल्या.

तो उचलायला वाकला. पहिल्या कामटीवर तीन खाचा होत्या. दुसरीवर तीन. त्याने सगळ्या गोळा केल्या आणि एकेकीवरून अंगठा फिरवला. नऊच्या नऊ कामट्यांवर तीन खाचा होत्या.

त्सुनेओने उठून दार लावलं. कोणी इसाकुकडे बघेना. कोणी चहात बघत होतं, कोणी स्वतःच्या नखांकडे. शिगेओच्या अंगरख्याच्या बाहीतून दुसऱ्या, खऱ्या चिठ्ठ्यांच्या नळकांड्याचं टोक बाहेर आलं होतं. इसाकुला त्या क्षणी दोन गोष्टी कळल्या. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. आणि ती एकवीस बदकं त्याची नव्हती.

त्याला एवढी लाज वाटली, की पायांखालची चटई बाजूला सारून जमिनीत शिरावं. आणि लाज नुसत्या बदकांची नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी तो स्वतः मंडळाचा प्रमुख होता. तेव्हा शिगेओचा बाप मोहेइ टेकडीवर यायचा. मोहेइचे डोळे अधू झाले होते, त्याचं जाळं शेजारच्याच्या जाळ्यात जाऊन पडायचं. एका संध्याकाळी याच झोपडीत सगळ्यांसमोर इसाकुने त्याच्या हातून जाळं काढून घेतलं. "मोहेइ, ही टेकडी आहे, धर्मशाळा नाही," असं म्हणाला होता. मोहेइ वाकून नमस्कार करून गेला. पुढच्या हिवाळ्यात तो वारला. तेव्हा इसाकुला आपण बरोबर वागलो असंच वाटलं होतं. नियमाने बघितलं तर तो बरोबरच होता.

"ते दुसरं दे," इसाकु म्हणाला.

शिगेओने बाही मागे घेतली.

"शिगेओ, ते दुसरं नळकांडं दे. मी सगळ्यांत मोठा आहे. आधी मी उचलणार."

शिगेओने ते बाहीतून काढलं. इसाकुने डोळे मिटून कामटी ओढली. तिच्यावर पाच खाचा होत्या.

वाकड्या पाइनची जागा सगळ्यांत वाईट. मागे झाडी, समोर झाडी, वर हातभर आकाश. तिथे कान हेच डोळे. "काका, बदलून घेऊ या," त्सुनेओ त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाला. इसाकुने नकारार्थी मान हलवली आणि जाळं खांद्यावर टाकून चढ चढू लागला.

पाइनखाली तो गुडघ्यावर बसला. वारा एवढा होता, की जाळ्याचे दांडे हातात थरथरत होते. उजेड गेला. त्याने श्वास रोखून कान दिले. कानांत काहीच नव्हतं, वाराही नव्हता. वारा फक्त गालांवर होता. डावीकडे खालच्या बाजूला कोणाचं तरी जाळं उसळलं, म्हणजे बदकं उठली. तो ताडकन उभा राहिला आणि जाळं फेकलं. ते रिकामं खाली आलं. त्याने ते ताणून घेतलं. तेवढ्यात एक बदक इतक्या जवळून गेलं, की त्याच्या पंखांनी टोपी हलली. फेकेपर्यंत ते भाताच्या खाचरांवर पोचलंही असेल. तिसऱ्या वेळी त्याने अंदाजानेच फेकलं. जाळं पाइनच्या फांदीत जाऊन अडकलं.

बाकीची बदकं त्याच्या डोक्यावरून गेली असणारच, नेहमीसारखी, शेकड्यांनी. तो फांदीतून जाळं ओढत राहिला. दोन दोरे तुटले. वाऱ्यात सगळेच बहिरे, हे खोटं होतं. बहिरा तो एकटाच होता.

झोपडीत परतल्यावर रिवाजाप्रमाणे एकेकाने आपला आकडा सांगितला.

"दोन," त्सुनेओ म्हणाला.

"एक."

"तीन."

"नाही," इसाकु म्हणाला. मग त्याने जाळं भिंतीला उभं केलं, शिकारीचा परवाना खिशातून काढून शेगडीच्या कडेला ठेवला आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला. कोणी त्याला थांबवलं नाही. थांबवलं असतं तर त्याला ते सहन झालं नसतं आणि हे त्या सगळ्यांना समजत होतं.

शिगेओ त्याच्याबरोबर उतरला. त्याने सायकल हातात धरली होती आणि तिच्या दिव्याच्या उजेडात दोघं बांधावरून चालत होते. तळ्याचा बांध संपला तिथे इसाकु थांबला.

"तुझ्या बापाला मी हाकललं. तू मला का नाही हाकललंस?"

शिगेओने सायकल कठड्याला टेकवली आणि तोंड त्याच्या कानाजवळ आणलं. "बाबा त्यानंतर रोज संध्याकाळी मागच्या दारात बसायचे. टेकडीकडे तोंड करून. दिसत तर काही नव्हतं. अंधार पडून गेला, जेवायला हाका मारल्या, तरी उठायचे नाहीत. मला ते परत बघायचं नव्हतं, काका. एवढंच."

इसाकुने मान हलवली. जे विचारायचं होतं ते अजून राहिलंच होतं. ते विचारण्यासाठी त्याला एकोणीस वर्षं लागली होती.

"माझ्याबद्दल काय म्हणायचा?"

"काही नाही."

"खरं सांग. शिव्या घालायचा?"

"नाही हो. मी टेकडीवरून घरी आलो की एकच विचारायचे. इसाकुला किती मिळाली? मी आकडा सांगितला की म्हणायचे, वा, हात अजून तसाच आहे. मग उठून जेवायला यायचे."

वारा बांधावरून सुसाट चालला होता. इसाकुने टोपी काढून हातात घेतली आणि शिगेओची बाही धरली.

"वाऱ्यात काही ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "परत सांग."

शिगेओने पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी मोठ्याने, एकेक शब्द तोडून. इसाकु मान खाली घालून ऐकत राहिला. त्याला सगळं पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.