गाळलेली पानं

एकतिसाव्या कादंबरीतल्या सरदाराने नायिकेचा हात हातात घेतला, तेव्हा बाईंना जांभई आली. चांगली मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी. त्यांनी ती आवरलीसुद्धा नाही. याआधी कितीतरी सरदारांनी, राजपुत्रांनी आणि एका दर्यावर्द्याने असेच हात धरले होते. आता या नव्याचं कौतुक ते किती करायचं! सकाळचे अकरा वाजले होते, स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, उजव्या हाताचा अंगठा ठणकत होता आणि प्रकाशकांचा तिसरा फोन येऊन गेला होता.

गल्लीत त्यांना सगळे ‘महालवाल्या बाई’ म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहून त्यांनी जन्मभर कागदावर महाल बांधले म्हणून. अडीचशे वर्षांपूर्वीचा काळ, घोडदौड, कटकारस्थानं आणि शेवटी दोन जिवांची गाठ, हा त्यांचा धंदा. वाचक पुस्तकं हातोहात उचलत, समीक्षक नाकं मुरडत, आणि बाई दोघांकडेही काणाडोळा करून वर्षाला एक या हिशेबाने लिहीत राहिल्या. गेली पाच-सहा वर्षं मात्र त्यांना लिहिण्याचा खरोखर वीट आला होता. तेच महाल, तेच झुंबर, तीच गच्चीवरची भेट. तरी सोडवत नव्हतं. का सोडवत नव्हतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण तसं त्या कुणाला सांगायला गेल्या नसत्या.

हस्तलिखिताचे पहिले वाचक त्यांचे यजमान. वजनमापं खात्यात निरीक्षक होते. उभी नोकरी दुकानदारांच्या तराजूंतली खोट शोधण्यात गेली, आणि घरी आल्यावर हीच खोड उतरे ती बायकोच्या कादंबऱ्यांवर. लाल पेन्सिल घेऊन, डोळ्यांत तेल घालून ते बसत. घोडा एका रात्रीत साठ कोस धावला की समासात लिहीत, ‘घोडा मेला.’ बारा दिवसांत दोन पौर्णिमा आल्या की, ‘चंद्राला जरा उसंत द्या.’ बाई वरवर चिडत आणि मुकाट्याने दुरुस्त्या करत.

आता माणूस खरंच वाचतोय की नुसती पानं उलटतोय, हे कळायला बाईंनी फार पूर्वीपासून एक युक्ती ठेवली होती. प्रत्येक हस्तलिखितात त्या मुद्दाम एक चूक पेरत. खडा टाकून पाहायचा, बस. कधी मोहिमेच्या वर्णनात, कधी मेजवानीत, कधी दरबारात. यजमानांना याचा कधी ताकास तूर लागू दिला नाही, आणि यजमानांनी आजवर एकही खडा सोडला नव्हता.

यंदा लिहिताना त्या इतक्या दमल्या होत्या की चूक पेरायची राहूनच गेली. पुस्तक संपत आलं तेव्हा आठवण झाली. मग समोर जे पान होतं त्यातच टाकली. पान दोनशे बारा. नायिका सरदाराची वाट पाहत दिवा लावते, आणि तेही काडेपेटीने. जगात काडेपेटी यायला अजून दोन पिढ्या अवकाश असताना. शाळकरी पोरानेही पकडावी अशी चूक.

आज, हस्तलिखित पाठवण्याआधी शेवटची नजर टाकताना, त्या दोनशे बाराव्या पानावर पोचल्या आणि पुढची जांभई अर्ध्यावरच राहिली. समास कोरा होता. लाल रेघ नाही, टिंब नाही. काडेपेटी आपली ऐटीत बसलेली.

 बाईंना थोरले दीर आठवले. त्यांचंही असंच सुरू झालं होतं, बारीकसारीक सुटण्यापासून. आधी चष्मा, मग घराची गल्ली, आणि शेवटी सख्ख्या भावाला ‘आपण कोण?’ म्हणून विचारलं होतं. त्या दिवशी यजमान घरी येऊन तासभर नुसते खिडकीशी बसले होते. आता ह्यांचीही तीच गत होणार की काय?  प्रकाशकांना त्यांनी फोन करून सांगितलं, “आज नाही जमणार. घरात अडचण आहे.” आणि पलीकडून काही बोलणं यायच्या आत ठेवूनही दिला.

यजमान बाहेरच्या खोलीत टेबलाशी जुन्या रेडिओचे स्क्रू काढत बसले होते. बाई पदराला हात पुसत समोर उभ्या राहिल्या.

“अहो, आज वार कोणता?”

“गुरुवार. का?”

“सहजच. आणि सतरा चोक किती?”

“अडुसष्ट.” त्यांनी मान वर केली. “बाजारात काही आणायचंय का?”

“आपल्या लेकीच्या लग्नात हरवलेली बॅग कुठे सापडली होती?”

“तुझ्याच खांद्यावर. बॅग हरवली म्हणून ती खांद्याला अडकवून तूच सगळ्या मांडवभर शोधत होतीस.” स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून ते नीट वळले. “काय चाललंय? ही परीक्षा कसली घेतेयस माझी?”

डोकं तर शाबूत होतं. बाईंचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. त्यांनी आतून ते पान आणलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. “हे बघा. यात काही खटकतंय का तुम्हाला?”

यजमानांनी दोन ओळी वाचल्या न वाचल्या आणि ताबडतोब बोट ठेवलं. “काडेपेटी? अगं, शुद्धीवर होतीस ना?”

“मग आधी का नाही दिसली?”

 यजमानांनी एक स्क्रू उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. चाळीस वर्षं दुकानदारांना बोलतं करणारा माणूस, पण आता स्वतःचीच चोरी पकडली गेल्यासारखा कावराबावरा झाला.

“हे पान मी वाचलं नाही,” ते म्हणाले.

“नेमकं हेच?”

“असली सगळीच वाचत नाही. गच्चीवरच्या, बागेतल्या भेटी... दोघं एकटी आली की मी गाळतो. पुढे घोडे दिसले की तिथून धरतो.”

“कधीपासून?”

“पहिलं पुस्तक सोडून सगळ्यांतली.”

बाई खुर्चीत बसल्या.  त्यांना आधी राग आला, सणसणीत, आणि मग रागाच्याही तळाशी असा काही थकवा जाणवला की तीस पुस्तकांचं ओझं एकदम मानेवर आल्यासारखं झालं. कारण कंटाळूनही त्या जे सोडत नव्हत्या ते याच पानांसाठी. सातव्या पुस्तकातला सेनापती नायिकेचे भिजलेले जोडे शेगडीशी वाळत ठेवतो, ते कुणाचं होतं? तेराव्यातला राजपुत्र ती आजारी असताना रात्रभर काही न बोलता उशाशी बसतो, तो कोण? ‘तुम्ही जिना चढू लागलात की मला पावलांवरून कळतं, आज दिवस कसा गेला ते,’ हे एकोणिसाव्यातल्या राणीने म्हटलेलं वाक्य बाईंनी लिहिलं तेव्हा यजमान खरोखरच जिना चढत होते. तोंडाने जे कधी जमलं नाही ते सगळं त्यांनी त्या पानांत घातलं होतं, अगदी खात्रीने, की हा माणूस लाल पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीवरून जाणार आहे.

“का नाही वाचलंत?” त्यांनी विचारलं. “एवढं वाईट लिहिते मी?”

“छे, छे. पहिल्यातलं वाचलं की मी. चांगलं होतं. म्हणून तर...” ते टकलावरून हात फिरवत थांबले. “त्यातला तो पठ्ठ्या सहा फूट उंच. रुंद खांदे, कुरळे केस, एका हाताने घोडा आवरणारा. आणि मी हा असा. सव्वापाच फूट, केस तेव्हाच गेलेले, सायकलवरूनही दोनदा पडलेला. म्हटलं, हिच्या मनातला माणूस हा आहे तर. असू दे. तेवढी जागा हिची हिला राहू द्यावी, आपण कशाला त्यात डोकवायचं?”

“अहो, उंची प्रकाशकांची होती!” बाई जवळजवळ ओरडल्या. “केसही त्यांचेच! मुखपृष्ठावर चांगला दिसला पाहिजे म्हणून हटून बसले होते ते. बाकीचा सगळा...”

बाईंनी पान त्यांच्या आणखी जवळ सरकवलं. यजमानांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पानाकडे. चष्मा पुसून पुन्हा चढवला आणि वाचायला घेतलं. यावेळी काडेपेटीवर थांबले नाहीत. ओळीमागून ओळ, बोट ठेवून, तराजूचा काटा स्थिर व्हायची वाट पाहावी तसे ते हळूहळू वाचत गेले. नायिका दिवा लावून बसली होती. सरदार थकून येणार, त्याच्या डाव्या गुडघ्यात कळ असणार, तो काही सांगणार नाही आणि तिला विचारायचं धाडस होणार नाही, हे सगळं तिच्या मनात चाललं होतं. टेबलाखाली यजमानांचा हात नकळत स्वतःच्या डाव्या गुडघ्याकडे गेला.

पान संपलं.  नळ ठिबकत होता आणि खाली कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

“एक शंका आहे,” शेवटी ते म्हणाले, निरीक्षकाच्याच आवाजात. “हे सगळं ती त्याला तोंडावर का नाही सांगत?”

“त्या काळी बायका असं बोलत नसत.”

“बरं. आणि या काळी?”

बाईंनी तोंड उघडलं. एकतीस नायिकांची वाक्यं त्यांना पाठ होती, एकाहून एक सरस, वाचकांनी वहीत उतरवून घेतलेली. त्यातलं एकही ओठांवर येईना. सगळी दुसऱ्या बायकांच्या अंगची, भरजरी, आपल्या मापाला न बसणारी.

“दमले हो मी,” त्या म्हणाल्या. “फार दमलेय.”

“माहितीये,” यजमान म्हणाले. त्यांनी शेजारच्या खुर्चीतला रेडिओचा पसारा उचलून जमिनीवर ठेवला, खुर्ची आपल्याजवळ ओढली आणि तिच्यावर हाताने थोपटलं.

“इकडे ये,” ते म्हणाले. “पहिल्यानंतरचं पुस्तक घेऊन ये, गाळलेली पानं तिथून धरतो. चष्मा मी लावतो, तू नुसती बस.”