स्टिअरिंगची घुंडी

आमच्या ह्यांचा डावा हात अर्धांगाच्या झटक्यात गेला, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून रोपवाटिकेतला छोटा ट्रॅक्टर धाकटे भावजी चालवतात आणि हे खिडकीत बसून त्यांच्या चुका काढतात. त्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग म्हणजे नुसता धोंडा. दोन धडधाकट हातांनी वळवतानाही माणूस घामाघूम होतो, तिथं एका हाताचं काय चालणार?

उपाय ह्यांनीच सुचवला होता. ट्रॅक्टरचा मूळचा पंप लहान, मागची लिफ्ट उचलतानाच त्याचा जीव जातो. म्हणून इंजिनापुढे पट्ट्यावर चालणारा आणखी एक हायड्रॉलिक पंप बसवायचा आणि त्याचं तेल स्टिअरिंगला द्यायचं. मग चाक एका हाताने आरामात फिरेल. हे सांगताना ह्यांचा चेहरा असा खुलला, की मी लगोलग पंप मागवला.

स्टिअरिंगच्या चाकाला एका हाताने धरायची घुंडी तर मी स्वतः बसवली. नट चांगला जोर लावून आवळला. भावजी हसले. "वहिनी, आता तुम्हीच गॅरेज टाका."

भावजी शेडमध्ये खटपट करत होते, हे खुर्चीतून हुकूम सोडत होते. "पंप कुठल्या दिशेने फिरतो ते आधी बघ. उलटा फिरला तर सील फुटेल आणि तेलाने आंघोळ होईल तुझी." मला वाटलं, माझा माणूस परत आला. मी खुळ्यासारखी दोघांना चहा नेऊन देत होते.

आज सकाळी इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. धावत शेडमध्ये गेले, तर नव्या पंपाचे पाइप स्टिअरिंगकडे गेलेच नव्हते. ते सरळ ट्रॅक्टरच्या पुढच्या, माती उचलायच्या लोडरला जोडले होते. मातीने शिगोशीग भरलेली बादली सर्रकन वर गेली आणि भावजी पोरासारखे हरखले.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "भावजी, हा पंप कशासाठी आणला होता? सख्ख्या भावापेक्षा मातीची बादली मोठी झाली का तुम्हाला?"

त्यांनी इंजिन बंद केलं. खाली बघत म्हणाले, "वहिनी, पाइप लोडरला जोड असं दादानंच सांगितलं. पंप आला त्याच दिवशी."

मी खुर्चीत बसलेल्या ह्यांच्याकडे वळले.

"अगं, लोडरनं कामं पटापट उरकतात," हे म्हणाले. "मी आता कसला चढतोय तिथं? तुझा हिरमोड नको, म्हणून बोललो नाही."

म्हणजे ट्रॅक्टर चालवण्यावर ह्यांनी कधीच पाणी सोडलं होतं, आणि मी मेली घुंड्या बसवत होते. दोघे भाऊ मूग गिळून माझा चहा पीत राहिले. संताप आला, रडूही आलं, पण ह्या दोघांपुढे रडायचं माझ्या जिवावर आलं.

भावजींनी विषय बदलला. "दादा, ही घुंडी वळताना मनगटावर आपटते. काढू का?"

"काढ," हे म्हणाले. "पाना दे गं त्याला."

पाना माझ्या हाताशीच होता. तो मी ह्यांच्या मांडीवर ठेवला. "मी बसवलीय. काढायची तर तुम्ही काढा."

भावजी पुढे झाले, त्यांना मी अडवलं. हे उठले, धडपडत पायरी चढले आणि सीटवर बसले. वर्षात पहिल्यांदाच. नट घट्ट होता. दात-ओठ खात त्यांनी जोर लावला, पाना पुन्हा पुन्हा निसटला. शेवटी घुंडी सुटली. ती माझ्या हातात देऊन हे खाली उतरले.

तेवढं मात्र ह्यांना एका हाताने जमलं.