पाठमोरा

“हनुवटी वर. अजून. आता हलू नकोस,” हर्बर्ट म्हणाला, तशी अगाथा चौथऱ्यावर ताठ झाली. अंगावर कफनासारखं पांढरं वस्त्र होतं. मागच्या पडद्याआड तिची पेटी भरून तयार होती.

चित्र ग्रीक कथेतल्या ऑर्फियसचं. मेलेल्या बायकोला तो पाताळातून परत आणतो. अट एकच, उजेडात येईपर्यंत मागे वळायचं नाही. तो वळतो आणि ती कायमची जाते. उद्या सकाळी चित्र प्रदर्शनाला जायचं होतं.

“गालांवर रंग चढलाय तुझ्या. मेलेली दिसायला हवीस.”

“जिवंत आहे ना, म्हणून असेल.”

तो हसला नाही. नाताळात त्यांची विनी डांग्या खोकल्याने गेली. तेव्हापासून हा माणूस बायकोची मान पाहत होता, वस्त्राच्या चुण्या पाहत होता. डोळ्यांत डोळे घालून एकदाही नाही. लेकीचं नाव तर घरात निघतच नव्हतं. अगाथाला आता ते सोसवेना. आज त्याने एकदा नीट पाहिलं तर पेटी रिकामी करायची, नाहीतर संध्याकाळच्या गाडीने यॉर्कला बहिणीकडे. ठरलं होतं तिचं.

हर्बर्टने ब्रश ठेवला. रोजच्या सवयीने त्याने चित्राकडे पाठ केली आणि हातआरसा खांद्याशी धरला. उलट्या चित्रात चूक चटकन कळते.

“झालं. उतर.”

ती उतरली. पांढरं वस्त्र काढून खुर्चीवर टाकलं, झगा सारखा केला, पेटी उचलली. फळी करकरली. तो वळला नाही. ती दारापर्यंत पोचली, कडीला हात घातला.

“विनीचे मोजे तेवढे ठेवून जा.”

अगाथा जागच्या जागी थिजली. आरसा चित्रावर नव्हताच, दाराकडे कलला होता.

“वळून तरी बोला.”

“नाही जमत. तुझ्याकडे बघितलं की तीच दिसते.”

“मलाही दिसते. रोज, आरशात. मी कुठे जाऊ?”

अगाथाला संताप आला आणि त्याच दमात त्याची कीवही. मग तिने पेटी खाली ठेवली आणि त्याला वळसा घालून समोर जाऊन उभी राहिली. ऑर्फियसच्या बायकोला हे कसं सुचलं नाही, कोण जाणे.

हर्बर्टने डोळे गच्च मिटले होते. तिने त्याच्या हातातून आरसा काढून घेतला.

“मोजे पेटीत आहेत,” ती म्हणाली. “हवे असतील तर डोळे उघडा.”